उंकारिना: पावसाळ्यानंतरची नोंद

पावसाळा सरला आणि उंकारिना या मादागास्करच्या झुडपाची सगळी रोपं धडधाकट आहेत. कुंडीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा होता, झडीच्या दिवसांत वर पत्र्याचा आडोसा. टणक टरफल ब्लेडने अलगद सोललेलं बी पटकन रुजलं. न सोललेलं अजून मातीत तसंच पडून आहे.

ग्रँडिडिएरी या उंकारिनाच्या प्रकाराचं जुनं झाड ऐन श्रावणात फुललं. पिवळंधमक फूल, गळ्याशी काळपट जांभळं. शेजारी मुद्दाम तीळ पेरले होते. दोन्ही फुलं हातात घेऊन पाहिली तर नळीची ठेवण आणि पाकळ्यांची दुओठी मांडणी एकाच घराण्यातली. उंकारिना तिळाच्याच कुळातली, फक्त मादागास्करमध्ये उगवणारी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बायोंनं तिला आधी हार्पागोफायटम या आफ्रिकेतल्या वनस्पतींच्या गटात घातलं होतं, कारण फळांवरचे हुकासारखे आकडे. वनस्पतिशास्त्रज्ञ श्टाप्फनं 1895 मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा (जीनसचा) दर्जा दिला.

आकड्यांवरून कुळ ठरवण्यात मोठा धोका आहे, आणि तो आपल्या बांधावरच दिसतो. आपली वाघनखी मूळची मेक्सिकोकडची. तिच्या फळाला दोन वाकड्या नख्या, म्हणून तिलाही बरीच वर्षं तिळाच्या कुळात धरायचे. आता तिचं कुळ वेगळं आहे. तिच्या बीजकोशात बीजांडं भिंतीला चिकटलेली असतात, तिळाच्या कुळात मधल्या अक्षाला. जनावरांच्या अंगाला, पायाला चिकटून दूर जाणारी फळं दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली.

कुळ ओळखायला मला आकड्यांहून भरवशाची वाटते ती पानांची बुळबुळ. उंकारिनाचं पान ओल्या हातात चोळलं की चिकट फेसाळ द्रव सुटतो. मादागास्करमध्ये लोक त्यानं केस धुतात. मोठ्या गोखरूची डहाळी पाण्यात फिरवली की पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट होतं, तेही याच कुळातलं. तिळाचं पान चुरडून पाहा. ही परीक्षा फूल नसतानाही करता येते, म्हणून ती मला फार आवडते.

उंकारिनाचे प्रकार ओळखायला मात्र फूलच लागतं. लेप्टोकार्पा पांढरी, स्टेल्युलिफेरा जांभळट गुलाबी. पेल्टाटा तेवढी पानावरून कळते, कारण तिचा देठ पानाच्या कडेला नाही, आतल्या बाजूला जोडलेला असतो.

पानं पिवळी पडू लागली आहेत. गळून गेली की पाणी बंद, आणि फांद्या उघड्या असतानाच कुंड्या बदलायच्या. रोएस्लियानाचं बी कुणाकडे असेल तर कळवा. ती लहानपणीच फुलते.