कटात टिकणारा ब्रेड

कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मागितला की समोर येतात त्या ब्रेडच्या जाड स्लाईस. पुण्या-मुंबईचा पाहुणा जरा गोंधळतो, "पाव नाही का?" म्हणून विचारतो, आणि वाढणारा त्या स्लाईसकडेच बोट दाखवून "ह्यो काय!" म्हणतो. आमच्या लेखी तोच पाव. यात एक गोम आहे. लादीपावाला निदान वरून-खालून साल असते. स्लाईसची दोन्ही अंगं उघडी. कटात बुडवली की ती दोन्हीकडून पिते आणि तरीही तोंडापर्यंत अखंड पोचावी लागते. एवढं सगळं त्या चतकोर तुकड्याकडून आपण रोज करून घेतो, याचा विचार मी बावन्न वर्षांत कधी केला नव्हता. घरात ब्रेडचं मशीन आलं आणि करावा लागला.

मशीन भाच्यानं आणलं. अमेरिकेतलं बिऱ्हाड मोडून परत येताना त्यानं नको त्या वस्तू मामाला द्यायचं ठरवलं असावं. बाहेरून डब्यासारखं, आत बादलीच्या घाटाचं भांडं, भांड्याच्या तळाशी बोटभर लांबीचं पातं, भोवती हीटर, वर काचेची खिडकी. पीठ-पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि तीन तासांनी ब्रेड काढायचा. फक्त ते चालायचं 120 व्होल्टवर आणि आपल्या भिंतीत 230. म्हणून उद्यमनगरात जाऊन ट्रान्सफॉर्मर करून घेतला. तो मशीनपेक्षा जड निघाला. करून देणाऱ्यानं सगळं समजून घेतलं आणि सांगितलं, "तिकडं साठ सायकल, हितं पन्नास. मोटर जरा दमानं फिरंल, बाकी काय न्हाई." मग थोडं थांबून, "पर कणीक मळायला एवढं कशाला?" पैसे देता देता मी हसलो. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

पहिल्या दिवशी सगळं घर ओट्यापाशी. पातं गरगर फिरायला लागलं, पिठाचा गोळा भांड्याच्या भिंतीवर थापा खात फिरू लागला. आईनं खिडकीतून वाकून पाहिलं. तिच्या माहेरी तिच्या लहानपणी पाव घरात येत नसे. पाव पायानं तुडवून मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशी तिच्या आजीची पक्की समजूत होती, आणि पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशीही. (शब्द पोर्तुगीजांकडून आला, पायाशी त्याचं काही नातं नाही, पण हे त्या आजीला कोण सांगणार?) आई बराच वेळ त्या फिरणाऱ्या गोळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात पाय न्हाई आन् हातबी न्हाई. मग कोण बाटतंय आता!" थोड्या वेळानं तिनं विचारलं, किती वेळ लागणार. तीन तास दहा मिनिटं, मी सांगितलं. "तेवढ्यात मी पंचवीस भाकरी थापून भांडीबी घासली असती."

ब्रेड झाला मात्र देखणा. सोबतच्या पुस्तकातल्या कृतीप्रमाणे त्यात साखर, दूध पावडर, लोणी सगळं होतं. चहाबरोबर गोड लागला. दुसऱ्या दिवशी बायकोनं मटकीची मिसळ केली आणि मी ऐटीत स्लाईस कटात बुडवली. उचलली तेव्हा हातात नुसती कड. बाकीचा ऐवज कटाच्या तळाशी. शिवाय ती चव! तांबड्या रश्शात कुणी साखर सांडावी तशी. बायको काही बोलली नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीतला अर्धा ब्रेड माझ्यापुढे सरकवला.

तिथून मी हट्टाला पेटलो. साखर चमचाभर, दूध पावडर बंद, लोण्याऐवजी तेल. वाटी-चमच्याचं माप सोडून वजनकाटा आणला. 300 ग्रॅम मैदा, 190 ग्रॅम पाणी, 5 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम यीस्ट. आधी पाणी, त्यावर मैद्याचा ढीग, ढिगाच्या डोक्यावर बोटानं खळगा करून त्यात यीस्ट, मीठ लांब एका कोपऱ्यात. रात्री टायमर लावून झोपायचं असेल तर हा क्रम मोडायचा नाही, कारण पाणी लागलं की यीस्ट वेळ बघत बसत नाही. पहाटे चार वाजता स्वयंपाकघरातून घुर्रघुर्र सुरू झाली तेव्हा आई काठी घेऊन उंदीर शोधायला गेली होती, ते वेगळं.

एप्रिलमध्ये भलतंच झालं. ब्रेड खिडकीला टेकेपर्यंत फुगला आणि भाजताना मधोमध बसला. झाकण उघडलं तर डोक्यावर रंकाळा तलाव. कारण साधं होतं. उकाड्यात यीस्टला चेव येतो, ठरल्या वेळेच्या आधीच ते पीठ इतकं फुगवतं की बुडबुड्यांच्या भिंती ताणून पातळ होतात, आणि हीटर तापेपर्यंत त्या दम सोडतात. मशीनला हे कळत नाही. ते आपलं घड्याळ बघून चालतं. मग उन्हाळ्यात फ्रिजचं पाणी घालायचं आणि यीस्ट चिमूटभर कमी. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. आमच्याकडे जुलैत वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला राहतो, तिथे मैद्यानं तरी कोरडं का राहावं? तेव्हा पाणीच दहा ग्रॅम कमी.

हे ग्रॅमचं शास्त्र मी वहीत मांडत होतो, तोवर आईनं स्वतःची पद्धत सुरू केली होती. मळणी चालू होऊन दहाएक मिनिटं झाली की ती झाकण उघडायची, गोळ्याला एक बोट लावायची आणि निकाल द्यायची. "चमचाभर पाणी घाल." किंवा, "सैल झालंय, चिमटभर पीठ सोड." मी काट्याकडे बोट दाखवायचो. ती काट्याकडे बघायचीसुद्धा नाही. आणि ब्रेड तिच्या बोटाप्रमाणे केला की जमायचा. कसं कळतं, विचारलं तर म्हणायची, "कानाच्या पाळीसारखं लागाय पायजे." मी गुपचूप माझ्या कानाची पाळी दाबून बघितली. मला दोन्हींत काही साम्य सापडलं नाही.

नंतर कळलं की हे मशीन बनवणारेसुद्धा इथंच अडकले होते. 1980च्या दशकात जपानमध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीनं घरगुती ब्रेडचं मशीन करायला घेतलं. ब्रेड वरून करपायचा, आत कच्चा राहायचा. इंजिनिअरांनी मशीननं मळलेल्या आणि कसबी माणसानं मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून पाहिले, तरी उलगडा होईना. शेवटी सॉफ्टवेअर करणारी इकुको तनाका ही बाई ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणता ताणता पिळतो, हे तिच्या लक्षात आलं. ते त्यानं सांगितलं नव्हतं, त्याला सांगता आलंही नसतं. तो पीळ यावा म्हणून मग भांड्याच्या आत उभ्या कडा बसवल्या. हे वाचलं आणि मी उठून आमचं भांडं उलटसुलट पाहिलं. आतल्या भिंतीवर एक उभी कड होती. इतके दिवस मी तिला प्रवासात पडलेला पोचा समजत होतो आणि भाच्याला मनात दोष देत होतो.

गव्हाच्या पिठाचा नाद मी एकदाच केला. गिरणीतून आणलेली कणीक घेतली, मैद्याइतकंच पाणी घातलं आणि वीट काढली. कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, शिवाय तिच्यातला कोंडा पीठ मळताना होणाऱ्या चिवट धाग्यांना, म्हणजे ग्लूटेनला, जागोजागी कापतो, मग हवा धरणार कोण? आईला मी ग्लूटेन समजावून सांगायला लागलो तर तिनं मध्येच तोडलं. "विरी म्हण की." ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते, हे तिला माहीत. ज्वारीत ग्लूटेन मुळीच नसतं, तिथली विरी उकळत्या आधणानं आणावी लागते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तेच सांगालोय की." पुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एका वळवाच्या संध्याकाळी पीठ दुसऱ्यांदा फुगत असताना लाईट गेली. या मशीनला आठवण नाही. लाईट आली की ते नव्यानं मळायला बसतं. आईनं भांडं काढून घेतलं, गोळा परातीत उलटला, तेलाच्या हातानं जाड जाड थापला आणि गॅसवर तव्यात टाकून वर ताट झाकलं. ती जाळीदार, कुठंकुठं डागलेली भाकरी आम्ही मेणबत्तीच्या उजेडात लसणाच्या चटणीबरोबर संपवली. वहीत तिची नोंद नाही, कारण वजन कुणी केलं नव्हतं.

आणखी एक अक्कल उशिरा आली. ताज्या, गरम ब्रेडची स्लाईस कटात घालायची नाही. गरम ब्रेड आतून अजून बसलेला नसतो, सुरी लावली की लगदा होतो. रात्री काढलेला ब्रेड कापडात गुंडाळून ठेवला की सकाळी जरा शिळा होतो, घट्ट होतो, आणि तो शिळेपणाच कटात कामाला येतो. बेकरीवाल्यांना हे माहीत असणारच. मला सहा महिने लागले.

गेल्या रविवारी परीक्षा झाली. सकाळी मिसळ, कारण दुपारी मटण ठरलेलं. मी बोटभर जाडीच्या स्लाईस कापल्या. आता या मशीनच्या ब्रेडला एक खोड आहे. पातं तळाशीच राहतं, त्यामुळे ब्रेड उपडा करून काढला की बुडाला आरपार भोक पडलेलं असतं, आणि मधल्या दोन-तीन स्लाईसच्या नशिबी ते येतंच. भोकाची स्लाईस कुणी खायची यावरून आमच्यात दर वेळी तंटा. बायको घेत नाही, भाचा तर हात लावत नाही. त्या दिवशी ती आईच्या ताटलीत गेली. मी बदलून देतो म्हणालो. तिनं मान हलवली, चिरलेल्या कांद्यातली एक चकती शोधून काढली, भोकावर नीट झाकण बसवावं तशी ठेवली, वर फरसाण पसरलं आणि ताटली माझ्यापुढे केली.

"हां, आता वत कट."