पेनड्राइव्हवर ढीगभर पॅकेजेस, मग आधी कोणतं टाकायचं?

अंबड एमआयडीसीत ओळखीच्या एका काकांचं छोटं टूलरूम आहे, तिथल्या ड्रॉइंगच्या पीसीवर डेबियन लिनक्स आहे आणि आता त्यांना फ्रीकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. त्या पीसीला नेट जोडायचं नाही हा काकांचा नियम, ड्रॉइंग गिऱ्हाइकाची असतात त्यामुळे मला तो पटतो. म्हणजे सगळं पेनड्राइव्हवर न्यायचं, आणि फ्रीकॅड म्हणजे काय एक फाइल नाही, त्याला चालायला लागणारी क्यूटी, पायथॉन, ओपनकॅस्केड अशी दुसरी पॅकेजेस आणि त्या प्रत्येकाच्या मागे परत लायब्रऱ्यांची रांग.

तिथला आयटीआयचा मुलगा वही घेऊन कोणतं पॅकेज आधी टाकायचं याचा क्रम लिहायला बसला होता. दादा, याची यादी कुठे मिळते का, म्हणाला. मी म्हटलं वही ठेव बाजूला, हा क्रम माणसानं लावायचाच नसतो.

एकेक डेब फाइल, म्हणजे डेबियनचं एक पॅकेज, डीपीकेजी या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला दिली की तो अमुक लायब्ररी नाही म्हणून अडतो, ती शोधून द्यावी तर तिला तिसरी लागते, आणि इथेच लोक वैतागून लिनक्स सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण गोष्ट सोपी आहे. इन्स्टॉलचे दोन टप्पे असतात, आधी अनपॅक म्हणजे फाइल्स डिस्कवर जागच्या जागी ठेवणं, मग कॉन्फिगर म्हणजे पॅकेजची स्क्रिप्ट चालवून ते वापरायला तयार करणं. साधं डिपेंडन्सीचं, म्हणजे एका पॅकेजला दुसरं लागतं याचं, बंधन दुसऱ्या टप्प्याला आहे, पहिल्याला नाही. म्हणून सगळ्या फाइल्स एकाच कमांडमध्ये दिल्या तर डीपीकेजी आधी सगळ्या उघडून ठेवतो आणि मग कॉन्फिगरचा क्रम स्वतः लावतो. अपवाद प्री-डिपेंड्सचा, तिथे आधीचं पॅकेज पूर्ण तयार असल्याशिवाय पुढचं उघडतच नाही, आणि कमांडमध्ये फाइलची नावं न लिहिता सगळ्यांसाठी एक स्टार टाकला की फाइल्स नावाच्या क्रमानं जातात म्हणून एखादं तिथे अडू शकतं. त्यामुळे मी सरळ डीपीकेजीच्या वर बसून त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या एपीटीलाच त्या फाइल्स देतो, नावाच्या आधी डॉट आणि स्लॅश लावायचा म्हणजे त्याला कळतं की ही इथली फाइल आहे, प्री-डिपेंड्सचा हिशोबही तोच करतो.

दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असली तर? असतात तशी. तेव्हा ज्याला इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्टच नाही अशा पॅकेजपाशी डीपीकेजी तो फेरा तोडतो, मला हे फार आवडतं.

खरी काळजी घ्यायची ती डाउनलोड करताना. एपीटीचीच कमांड असलेल्या एपीटी-गेटला डाउनलोड-ओन्ली सांगितलं की फाइल्स व्हार, कॅश, एपीटी, आर्काइव्ह्ज या फोल्डरात जमा होतात, पण तुमच्या घरच्या मशीनवर जे आधीच आहे ते तो परत उतरवत नाही, आणि नेमकं तेच तिकडे नसतं. म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आपल्या पीसीच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, तिकडच्यासारखंच कोरं डेबियन टाका, व्हर्जन तेच, आर्किटेक्चर तेच, आणि त्यात उतरवा.

क्रम डोळ्यानं बघायचाच असेल तर एपीटी-गेटला सिम्युलेट करायला सांगा, काहीही इन्स्टॉल न करता इन्स्ट आणि कॉन्फ अशा ओळी छापतो, कोण आधी कोण नंतर सगळं समोर. त्या मुलाला मी त्या ओळी दाखवल्या तर तो बराच वेळ वाचत बसला, हे कसं ठरवतं हेच त्याला हवं होतं. मग त्याला टीसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्राम दाखवला, बहुतेक लिनक्सवर असतोच तो. जोड्या लिहून द्यायच्या, हे आधी ते नंतर, की सगळ्यांचा एक क्रम छापून देतो आणि कुठे फेरा असेल तर ओरडतो. असा क्रम लावण्याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात, त्यावर आर्थर कान यांचा पेपर १९६२ चा आहे, डेबियन तर सुरूच झालं १९९३ ला.

शेवटी डीपीकेजी ऑडिट चालवा. काही छापलं नाही म्हणजे अर्धवट राहिलेलं काही नाही. अंबडच्या पीसीवर काही छापलं नाही, फ्रीकॅड उघडलं, आणि तो मुलगा आता सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करायचं म्हणतोय, तिथे मात्र एपीटी क्रम लावून देत नाही, टीसॉर्ट त्याच्या कामाला येईल.