आधी एसएमपीएस, मग बाकीचं

गेल्या मे महिन्यात वळीव आला, लाइट दोनदा गेली-आली आणि टेबलाखाली फटाका फुटावा तसा आवाज झाला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं माझं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बंद. एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना हवी तशी करून देणारा डबा) जाताना मदरबोर्ड घेऊन गेला, दोनपैकी एक हार्डडिस्कही. त्या डिस्कवर मिरजेच्या एका हळदीचं सगळं शूटिंग होतं आणि कॅमेऱ्याचं कार्ड मी पुढच्या कार्यक्रमासाठी रिकामं केलं होतं. मुलीची आई दोनदा येऊन गेली. तिला काय सांगावं, मला आजही सुचत नाही.

दुरुस्तीवाल्या काकांनी तो एसएमपीएस उघडून दाखवला. (घरी कुणी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.) येणारी वीज गाळणारे भाग जिथं हवेत तिथं नुसते तारेचे तुकडे डकवलेले. बाहेर लेबलावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. काकांनी त्याखालच्या बारीक तक्त्यावर बोट ठेवलं. "ताई, वाचायचं ते हे." १२ व्होल्टसमोर १७ अँपिअर, म्हणजे २०४ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे मिळवून नुसती बेरीज फुगवलेली. तो डबा कॅबिनेटबरोबरच आला होता. पाच वर्षं मी लोकांची लग्नं त्याच्या भरवशावर ठेवली.

म्हणून या वेळी हिशेब वहीत मांडला. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, आरटीएक्स ४०६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड १६०. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि दोन हार्डडिस्क यांचे ७० धरले. एकूण ३२० च्या आसपास. चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस पुरला असता. मी ६५० घेतला, कारण चार वर्षांनी मोठं कार्ड घालायचं मनात आहे आणि अर्ध्या लोडवर एसएमपीएस कमी तापतो.

दुकानात सगळे 'गोल्ड आहे, घ्या' म्हणतात. गोल्ड म्हणजे वीज किती कमी वाया जाते, एवढंच. ती चाचणीही २३ अंशांच्या खोलीत होते. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि माझ्या एडिटिंगच्या खोलीत एसी नाही. त्यामुळे ५० अंशांनाही पूर्ण वॅट देतो असं कंपनीनं लिहिलेला आणि जादा व्होल्टेज, शॉर्टसर्किट, जादा उष्णता या तिन्हींपासून संरक्षण असलेला शोधला. दोन आठवडे गेले. मला त्याचं काही वाटत नाही.

बाकीचं जुळवणं त्यामानानं सोपं. हा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा (मदरबोर्डवरच्या खाचेचा प्रकार), त्याला डीडीआर५ रॅमच लागते. जुन्या डीडीआर४ च्या दोन्ही पट्ट्या भाच्याला दिल्या. आवडलेली कॅबिनेट सोडावी लागली, कारण तिच्यात १५० मिलिमीटर उंचीपर्यंतचाच प्रोसेसरचा कूलर मावत होता आणि माझा १५५ चा.

यूपीएसचं (लाइट गेली की थोडा वेळ बॅटरीवर वीज देणाऱ्या डब्याचं) मात्र शेवटच्या क्षणी लक्षात आलं. जुना ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटचा. आतल्या भागांना ३२० द्यायचे तर एसएमपीएस भिंतीतून साडेतीनशे घेणार, वर मॉनिटर. तो यूपीएस रेंडरच्या, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या, मध्यावर बंद पडला असता. १००० व्हीएचा घेतला आणि वायरमनला बोलावून खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं.

एक चूक होता होता राहिली. नव्या एसएमपीएसच्या केबली सुट्या आहेत. हार्डडिस्कला लांब केबल हवी होती, म्हणून मित्राच्या मशीनमधली दुसऱ्या कंपनीची आणली. दोन्ही टोकं व्यवस्थित बसत होती. काकांना फोनवर सहज सांगितलं तर ते ओरडलेच. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात कुठल्या पिनला किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. ५ च्या जागी १२ आले की डिस्क संपली. म्हणजे पुन्हा कुणाची तरी हळद.

केबल त्याच दिवशी परत केली. नव्याच्या उरलेल्या केबली एका पिशवीत घालून वर मार्करनं लिहिलंय, 'फक्त या ६५० च्या'. पिशवी कॅबिनेटच्या मागेच बांधून ठेवली आहे.