खर्ज

मामांचं बोलणं मी एप्रिलमध्येच मनावर घ्यायला हवं होतं.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबचा यूपीएस जानेवारीपासून माझ्याकडे देखभालीला आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हिसला गेलो होतो. तिथले मामा नमुने आणण्या-नेण्यापासून कूलरमध्ये पाणी भरण्यापर्यंत सगळं बघतात. ते म्हणाले, "भाऊ, हे तुमचं यंत्र दुपारच्याले खर्ज लावते जी." मी गेलो होतो सकाळी दहाला. कपाट उघडून कान लावला. ट्रान्सफॉर्मरची नेहमीची गुणगुण, बाकी काही नाही. त्याचे बोल्ट कसले, पंख्यातली धूळ काढली, बॅटरी बँकेचं, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या आठ बॅटऱ्यांचं, एकूण व्होल्टेज घेतलं, १०९.२ आलं. कार्डावर 'ठीक' लिहून सही केली. मामा सक्करदऱ्याच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला लॅबच्या मॅडमचा फोन आला. लाइट गेली आणि तासभर चालायला हवा तो यूपीएस चार मिनिटांत बंद पडला. मशीनवर सिकलसेलची तपासणी चालू होती, ती मध्येच तुटली. नमुना गडचिरोलीकडून आलेल्या एका लहान मुलीचा होता, जेमतेम वर्षभराची असेल. "रक्त मुळातच थोडंसं मिळालं होतं हो," मॅडम म्हणाल्या, "आता पुन्हा टोचावं लागणार."

पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, दुकानातला स्टँडबाय यूपीएस ऑटोत टाकला आणि सीताबर्डीवरून निघालो. आत शिरताना बाकावर ती आई दिसली. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती, कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला. एप्रिलच्या कार्डावरची माझी सही मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसली.

आधी मशीन स्टँडबायवर घेतलं. मग कपाट उघडलं. हे कपाट म्हणजे जिन्याखालची प्लायची बंद खोकी. खाली लोखंडी रॅकमध्ये १२ व्होल्ट २६ अँपिअर-अवरच्या ८ बॅटऱ्या, वरच्या फळीवर ३ केव्हीएचा यूपीएस आणि त्याच्या शेजारी आउटपुटचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, यूपीएसची वीज त्यातूनच पुढे लॅबला जाते. दार उघडताच भट्टीसारखी झळ अंगावर आली. आत थर्मामीटर ठेवला, ४२ अंश.

लाइट आली होती, चार्जिंग चालू होतं. बँकेचं एकूण व्होल्टेज पुन्हा घेतलं. पुन्हा १०९.२! आठाने भागलं तर एका बॅटरीला १३.६५ येतात, म्हणजे अगदी पुस्तकातला फ्लोट, भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणारं व्होल्टेज. एप्रिलमध्ये मी याच आकड्यावर विसंबून निघून गेलो होतो. या वेळी अंगठी काढून खिशात ठेवली आणि एकेका बॅटरीवर मीटरचे प्रोब लावत गेलो. पहिली १३.९४. दुसरी १३.९७. तिसरी, चौथी तशाच. पाचवी ११.५८.

पाचव्या बॅटरीतल्या सहा सेलपैकी एक शॉर्ट झाला होता. सेल गेला की सुमारे २ व्होल्ट जातात. पण चार्जर बघतो फक्त बेरीज. त्याला १०९ हवेत, तो ते पुरे करणारच. मग पाचवीने सोडलेले २ व्होल्ट उरलेल्या सातजणींवर वाटले जातात. त्यांना फ्लोटला १३.६५ पुरले असते, तेही २५ अंशांना. ४२ अंशांना तर १३.३५च्या आसपासच द्यायला हवेत, कारण तापमान वाढलं की दर सेलमागे अंशाला ३ मिलिव्होल्टच्या हिशेबाने चार्जिंग उतरवावं लागतं. या यूपीएसमध्ये तशी सोय नव्हती. म्हणजे सात बॅटऱ्या आठवडेच्या आठवडे १३.९ पीत बसल्या होत्या, आतलं पाणी आटत होतं, आणि तिसरी-सहावी तर हाताला पोटाशी फुगलेल्या लागत होत्या.

मग लोड टेस्ट. लॅबचं काम थांबवून बल्बांचा लोड लावला, मेनचा एमसीबी पाडला आणि घड्याळ लावून पाचवीवरच मीटर ठेवून बसलो. ११, मग ९, मग ४. चौथ्या मिनिटाला ती १ व्होल्टवर आली, बाकीच्याही ११.८ला उतरल्या आणि ८४ व्होल्टचा कटऑफ लागून सेट बंद. तारखेचे कोड बघितले तर चार बॅटऱ्या चार वर्षांपूर्वीच्या, चार गेल्या वर्षीच्या. माझ्याआधी कुणीतरी अर्धी बँक बदलली होती आणि बिलावर 'बॅटऱ्या बदलल्या' एवढंच लिहिलं होतं. जुन्या-नव्या बैलांना एका जुवाला जुंपलं की जे होतं तेच इथे झालं. पाचवी जुन्यांपैकीच होती.

इथे बॅटरीचं कोडं सुटलं होतं. पण आवाज?

अडीच वाजता मी बॅटरीच्या तारांच्या टोकांवरचे लग साफ करत होतो. कूलरच्या दमट हवेने त्यांच्या तांब्यावर हिरवं चढलं होतं. एवढ्यात वरच्या फळीवरून आवाज बदलला. गुणगुण होती तिची गुरगुर झाली, फळी थरथरायला लागली. मामा दारात उभे होते. म्हणाले, "ऐका. लागला खर्ज. बरोबर एक सप्तक खाली."

एक सप्तक, हा शब्द माझ्या डोक्यात घट्ट बसला. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा लाटेच्या वरच्या अर्ध्यालाही तणतो आणि खालच्या अर्ध्यालाही, म्हणून तो सेकंदाला १०० वेळा गुणगुणतो. तोच ५०वर आला तर सूर नेमका एक सप्तक उतरतो. आणि तो ५०वर येतो कधी? गाभा एकाच बाजूला झुकून भरला, म्हणजे लाटेच्या एकाच अर्ध्यात दमला, तर. थोडक्यात, कुठूनतरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, येत होता.

तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा साधा क्लॅम्प मीटर डीसी दाखवत नाही. त्याच्यावर सगळं ठाकठीक दिसतं. डीसी मोजणारा क्लॅम्प माझ्याकडे आहे, पण बॅगेच्या तळाशी, कारण तो बँकेच्या तारांवरच वापरायची सवय. तो आउटपुटच्या तारेवर लावला. सुमारे २ अँपिअर डीसी! एसी आउटपुटवर! मी उठलो आणि यूपीएसच्या लाल सॉकेटवर काय काय लावलंय ते बघत खोलीतून फिरलो. मशीन तर स्टँडबायवर होतं. कॉम्प्युटर, प्रिंटर, मायक्रोस्कोप. शेवटच्या टेबलावर टेक्निशियन ताई हेअर ड्रायरने स्लाइड वाळवत होत्या.

"ताई, जरा दोनवर करा."

त्यांनी बटण सरकवलं. ड्रायर जोरात फिरायला लागला, लोड दुप्पट झाला आणि कपाटातली गुरगुर थांबली. "आता एकवर." खर्ज. "दोनवर." साफ. मामा मान हलवत होते, जणू सूर लावून घेताहेत. लोड कमी असताना यंत्र कण्हतं आणि जास्त असताना गप्प होतं, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ड्रायरच्या मंद बटणात बहुतेक वेळा एक डायोड असतो. तो लाटेचा अर्धाच भाग आत जाऊ देतो, म्हणून गरमी अर्धी होते. घरात भिंतीतल्या सॉकेटवर याने फारसं बिघडत नाही, मागे अख्ख्या कॉलनीचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. पण एकट्या छोट्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर १००० वॅटचा ड्रायर मंद बटणावर लावला की तो एकाच बाजूने ओढला जातो. तो तापतो, यूपीएस त्याला टोकदार करंट पुरवत तापतो, आणि ही सगळी उष्णता त्याच बंद कपाटात, खालच्या बॅटऱ्यांच्या डोक्यावर. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर मी तळहात ठेवला, तीन मोजेपर्यंतही ठेववला नाही.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे झालं का हे?" नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्यांचं कारण ऐकल्यावर तर मला त्यांचं कौतुकच वाटलं. होळीनंतर कूलर लागतात. कूलरच्या ओल्या हवेत रक्ताची स्लाइड लवकर वाळत नाही. ती सावकाश वाळली की तांबड्या पेशींवर चकाकणारी वलयं येतात आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून ड्रायर आणला होता. जास्त गरमीने पेशी बिघडू नयेत म्हणून मंद बटण. दुपारी कारण सकाळचे नमुने तेव्हा रंगवायला घेतात. लाल सॉकेट कशासाठी असतो हे त्यांना सांगायचं काम माझं होतं, आणि मी जानेवारीपासून ते केलं नव्हतं. पाचवी बॅटरी एप्रिलमध्येही आजारी असणार. मी एकेक मोजली असती तर त्या पोरीला दुसऱ्यांदा टोचावं लागलं नसतं. हे मी मॅडमना तसंच सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आता काय काय करायचं ते सांगा."

आठही बॅटऱ्या बदलायच्या, एकाच बॅचच्या. त्यातल्या चार अजून चालल्या असत्या हे मलाही माहीत होतं आणि लॅब छोटी आहे हेही. तरी मी चारचा पर्याय दिला नाही. माझी मजुरी घेतली नाही, जुन्यांचे बायबॅकचे पैसे बिलातून वजा केले. साडेचारपर्यंत दुकानातून नवा सेट आला. डीसी ब्रेकर पाडून, टेप गुंडाळलेल्या पान्याने एकेक जोडली. ट्रान्सफॉर्मर कपाटाबाहेर भिंतीला लावला. कपाटाचं दार मामांनी स्वतःच बिजागऱ्यांसकट काढलं. ड्रायर साध्या सॉकेटवर गेला, आणि स्लाइडचं टेबल कूलरच्या खोलीतून आतल्या एसीच्या छोट्या खोलीत.

मधे कधीतरी त्या मुलीला पुन्हा टोचलं. ताईंनी. ती खूप रडली. मी रॅकमागे वाकलेलो होतो, हात चालू ठेवले. स्टँडबायवर मशीनने तिची तपासणी पूर्ण केली, तोवर मी त्या स्टँडबायच्या समोरून हललो नाही. रिपोर्टात काय आलं ते मी विचारलं नाही, ते विचारणं माझं काम नाही. सहाच्या सुमारास मामा त्या दोघींना गणेशपेठच्या बसस्टँडवर सोडायला गेले.

नव्या बॅटऱ्या पूर्ण भरायला रात्र जाते, म्हणून स्टँडबाय तिथेच ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, कूलर लागायच्या आधी, पुन्हा गेलो. जुनं कार्ड फाडलं नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठ रकाने आखले आणि आठ आकडे लिहिले. सात १३.६७च्या आसपास, सहावीचा १३.५२. फरक छोटा आहे, नवी बॅटरी असताना पहिल्या दिवसांत असा असू शकतो. शनिवारी पुन्हा मोजणार आहे. मामांना सांगून ठेवलंय की दुपारी अडीचला फोन लावून सूर कुठे आहे ते सांगा.