रस्ता देऊन टाकण्यापूर्वी

सिअ‍ॅटलमध्ये डेनी वे या गजबजलेल्या रस्त्याला लागून विजेचे एक सबस्टेशन आहे, आणि संध्याकाळी काम संपले की मी बहुतेक वेळा त्याच्याभोवतीच फिरायला जाते. सबस्टेशन म्हटले की काटेरी तारा, गंजलेले फाटक आणि ‘धोका’ अशी लाल पाटी एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येत असे. येथे मात्र आत कललेल्या धातूच्या भिंती आहेत, त्यांना लगटून हळूहळू चढत जाणारी सुमारे पाव मैलाची पायवाट आहे आणि खाली कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी राखलेले अंगण आहे. २०१८ मध्ये सुरू झालेले हे डेनी सबस्टेशन उभे करताना पाँटियस अव्हेन्यू या रस्त्याचा एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचा तुकडा कायमचा बंद करावा लागला. लोकांचा रस्ता गेला, त्याच्या बदल्यात लोकांना काय मिळणार, हा प्रश्न शहराच्या स्वतःच्या वीज विभागालाही चुकला नाही. मी चालते ती वाट हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आहे, आणि तो प्रश्न विचारण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्या सिअ‍ॅटल डिझाइन कमिशनविषयी मला लिहायचे आहे.

हे कमिशन १९६८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या दहा सदस्यांत वास्तुविशारद, नगररचनाकार, लँडस्केप आर्किटेक्ट, अभियंता आणि चित्र-शिल्पकलेच्या क्षेत्रातील एक कलावंत असे जाणकार असतात, त्यांच्यासोबत सामान्य नागरिकांचा एक प्रतिनिधी असतो आणि एक जागा तरुण सदस्यासाठी राखलेली असते. नेमणूक महापौर आणि सिटी कौन्सिल यांच्यामार्फत होते. शहराच्या पैशातून होणारी बांधकामे, म्हणजे ग्रंथालये, अग्निशमन केंद्रे, उद्याने, पाण्याचे पंपघर यांसारखी कामे, रस्त्यावरून एका इमारतीतून दुसरीत जाणारे पूल, आणि खाजगी किंवा सरकारी प्रकल्पासाठी रस्ता अथवा गल्ली कायमची बंद करण्याचे प्रस्ताव त्याच्यासमोर येतात. कमिशन महापौर, कौन्सिल आणि शहराचे विभाग यांना सल्ला देते. अंतिम निर्णय त्याच्या हातात नसतो.

निर्णयाचा अधिकार नसलेल्या समितीचे ऐकतो कोण, असे मलाही वाटत होते. ती शंका मनात ठेवूनच मी पहिल्यांदा एका बैठकीला जाऊन बसले. बैठका सर्वांना खुल्या असतात आणि कार्यपत्रिका आधीच जाहीर होते. त्या दिवशी एका इमारतीसाठी मधली गल्ली मागितली होती. विकासकाच्या वास्तुविशारदाने सुंदर चित्रे दाखवली. चित्रांत झाडे होती, बाके होती, कॉफी पिणारी माणसे होती. नंतर शहराच्या विभागांनी आपले म्हणणे मांडले, नागरिकांना बोलण्याची संधी मिळाली, आणि मग सदस्यांचे प्रश्न सुरू झाले. अभियंता सदस्याने पहिलाच प्रश्न विचारला: कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळी कचऱ्याच्या पेट्या कुठे उभ्या राहतील? आजवर त्या गल्लीत राहत होत्या. गल्ली गेल्यावर त्या फुटपाथवर येणार असतील, तर चित्रातल्या बाकावर बसलेल्या माणसासमोर आठवड्यातून एकदा पेट्यांची रांग उभी राहणार. वास्तुविशारदाने नकाशा उलटसुलट करून पाहिला, पण उत्तर त्याच्याजवळ नव्हते. लँडस्केप आर्किटेक्ट असलेल्या सदस्या मग झाडांकडे वळल्या. खाली पार्किंगचे छत असेल तर या झाडांना माती किती खोल मिळणार, असे त्यांनी विचारले. कोणाचाही आवाज चढला नाही. मतदान झाले नाही. या गोष्टी सोडवून पुन्हा या, एवढेच सांगण्यात आले. अशा प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त नंतर जाहीर होते, त्यामुळे कोण काय बोलले हे कोणालाही वाचता येते.

‘पुन्हा या’ म्हणता येण्यातच या पद्धतीचा जीव आहे. प्रकल्प एकदा दाखवून सुटका होत नाही. प्रथम संकल्पना, मग प्राथमिक आराखडा, मग तपशीलवार आराखडा, अशा टप्प्यांवर तो परत येतो. संकल्पनेच्या टप्प्यावर इमारत वळवणे, प्रवेशद्वार दुसऱ्या रस्त्यावर नेणे किंवा गल्ली राखूनच काम भागते का हे तपासणे शक्य असते. सगळे नकाशे पक्के झाल्यावर सल्ला मागितला, तर फरशीचा रंग आणि दिव्यांचे खांब यांपलीकडे हाती काही उरत नाही. मी कामानिमित्त आयुष्यभर नकाशे पाहत आले आहे, आणि चुकीचा आराखडा पेन्सिलीने दुरुस्त करण्याचा खर्च आणि काँक्रीट ओतल्यावर दुरुस्त करण्याचा खर्च यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे.

रस्ता बंद करण्याच्या प्रस्तावात कमिशन दोन गोष्टी वेगळ्या तपासते, आणि हा वेगळेपणा मला फार मोलाचा वाटतो. आधी फक्त रस्त्याचा विचार होतो: तो गेला तर वाहतूक, सामानाची ने-आण, जमिनीखालच्या वाहिन्या, उजेड, वारा, लांबवर दिसणारे दृश्य आणि पायी चालणाऱ्यांचे जवळचे मार्ग यांचे काय होईल. त्याचे समाधान झाल्यावरच सार्वजनिक लाभाचा विषय निघतो. विकासकाला जे कायद्याने करावेच लागणार होते, किंवा स्वतःच्या प्रकल्पाने केलेले नुकसान भरून काढण्यासाठी जे करावे लागते, ते लाभ म्हणून मोजता येत नाही. नियमानुसार फुटपाथ बांधला हे कर्तव्य झाले. त्यापलीकडे शहराच्या पदरात काय पडले, तेवढेच हिशेबात धरले जाते. जमिनीची किंमत हा आणखी निराळा विषय आहे. सिअ‍ॅटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे त्याच्या कायद्यानुसार रस्ता २५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सार्वजनिक वापरासाठी राखलेला असेल, तर शहर त्या जागेचे पूर्ण मूल्य आकारू शकते, आणि त्या रकमेतला निम्मा भाग मोकळ्या जागा किंवा वाहतुकीच्या कामांसाठीच खर्च करावा लागतो.

शहरातील अधिवेशन केंद्राच्या, म्हणजे मोठ्या परिषदा भरवण्याच्या इमारतीच्या, विस्ताराचे उदाहरण मोठे आहे. त्यासाठी तीन गल्ल्या आणि रस्त्यांखालची काही जागा मागण्यात आली होती. कमिशनसमोर अनेक बैठका झाल्या, परिसरातील संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी लाभांची यादी वाढवून घेतली; मे २०१८ मध्ये कौन्सिलने मंजुरी दिली. त्या यादीत परवडणाऱ्या घरांसाठी निधी होता, सायकल मार्ग होते, महामार्गावर आच्छादन घालून वर जागा निर्माण करता येईल का याच्या अभ्यासासाठी १५ लाख डॉलर होते आणि फ्रीवे पार्कच्या सुधारणेसाठी १ कोटी डॉलर होते. फ्रीवे पार्क हे १९७६ मध्ये खुले झालेले, धडधडत्या महामार्गाच्या डोक्यावर बांधलेले उद्यान आहे. विस्ताराची नवी इमारत जानेवारी २०२३ मध्ये उघडली.

पण सल्ला मानलाच जातो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. शहराच्या दक्षिणेला, बंदराजवळच्या भागात, बास्केटबॉलच्या नव्या रिंगणासाठी ऑक्सिडेंटल अव्हेन्यूचा एक तुकडा मागितला होता. कमिशनचा अभिप्राय अनुकूल होता आणि परिवहन विभागाची शिफारसही होती. बंदर प्रशासन आणि गोदी कामगार यांनी मालवाहतुकीचा मुद्दा धरून विरोध केला. २ मे २०१६ रोजी कौन्सिलने ५ विरुद्ध ४ मतांनी रस्ता देण्यास नकार दिला. मला यात कमिशनचा पराभव दिसत नाही. आराखडा चांगला आहे का, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. शहराने तेथे रिंगण उभारू द्यावे की नाही, हा निवडून दिलेल्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनीच दिले.

हे सर्व पाहताना मला माझ्या गावातला बोळ आठवतो. आमच्या जुन्या वाड्याच्या कडेने तो नदीकडे जात असे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एवढीच त्याची रुंदी होती. सकाळी देवळात निघालेल्या बायका, दुपारी शाळेतून परतणारी आम्ही मुले, सगळ्यांची ती रोजची वाट होती. शेजारी नवी इमारत आली आणि एका सुट्टीत मी घरी गेले तेव्हा बोळाच्या तोंडाशी पत्र्याचे फाटक होते. परवानगी कोणी दिली, बदल्यात कोणी काय घेतले, हे आईला, काकांना किंवा समोरच्या दुकानदारालाही सांगता आले नाही. नदीवर जायला आता मोठ्या रस्त्याने वळसा पडतो, आणि गुडघे दुखू लागल्यापासून आईने तिकडे जाणेच सोडले आहे.

आपल्याकडे तज्ज्ञांच्या सल्ल्याची परंपरा अगदीच नाही असे नाही. मुंबईत १९९५ च्या नियमांनी वारसा संवर्धन समिती आली आणि ती महापालिका आयुक्तांना सल्ला देते. परंतु तिचा विषय वारसा म्हणून नोंद झालेल्या वास्तू आणि परिसर हा आहे. आमच्या बोळाची नोंद कोणत्याच यादीत झाली नसती. त्याला कमानी नव्हत्या, इतिहास नव्हता, फक्त रोजची ये-जा होती. सिअ‍ॅटलच्या त्या बैठकीत ज्या गल्लीवर चर्चा चालली होती तिच्यातही कचऱ्याच्या पेट्या, विजेचे खांब आणि माल उतरवायची दारे यांखेरीज काही नव्हते. तरी तिच्यासाठी जाणकार माणसे टेबलाभोवती बसली होती. पुढच्या बैठकीत पेट्यांसाठी इमारतीच्या आत जागा काढलेला सुधारित नकाशा आला, आणि अभियंता सदस्याने त्यावर बोट ठेवून गाडी आत वळू शकेल इतके अंतर आहे का, ते मोजून दाखवायला सांगितले.