हलकी रायफल, म्हातारा खांदा: ७एमएम-०८ चं काम कुठवर आलं

तर मंडळी, डोंगरात शिकारीला न्यायला ७एमएम-०८ या काडतुसाची हलकी रायफल बनवतोय, तिचं बॅरल (नळी) बसून आलं एकदाचं. गनस्मिथने चेंबर (काडतूस बसायची जागा) कापून, काडतूस नीट बसतं का ते हेडस्पेस गेजने तपासून दिलंय, आता ॲक्शन (बोल्ट आणि त्याचा सांगाडा) आणि बॅरल एक झालेत आणि पुढचं सगळं माझ्या गॅरेजमधे चालू आहे. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी कोलोरॅडोत राहतो, वय ६४, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघे कुरकुर करतात आणि तरी दर सीझनला एल्कसाठी (मोठं हरीण) फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात जायचंच असतं. तिकडे दहा-अकरा हजार फुटांवर आपली जुनी .३०० विन मॅग (दणकट काडतुसाची रायफल), अक्रोडाचा स्टॉक (दस्ता), ५० मिमीचा स्कोप (दुर्बीण), पट्टा, तीन काडतुसं असं सगळं मिळून ९ पाउंड १० औंस, म्हणजे जवळजवळ ४.४ किलो. चाळिशीत कधी जाणवलं नाही, आता दुपारी तीनला चढावर जाणवतं.

भारतातले काही जण विचारतात की कसली शिकार, तर तिथे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच आहे आणि ते बरोबरच आहे, इथे टॅग (शिकारीचा परवाना) काढून, सरकारने ठरवलेल्या कोट्यात चालतं. अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क कोलोरॅडोतच आहेत.

आता मुद्द्याचं. हलकी रायफल म्हटलं की लोक आधी टायटॅनियमचा ॲक्शन बघायला लागतात. माझं म्हणणं, आधी काडतूस ठरवा. कारण बंदूक हलकी केली की धक्का वाढतो, याला काही पळवाट नाही. हिशोब करून बघितला, .३०० विन मॅग १८० ग्रेन (वजनाचं माप) गोळीला साडेनऊ पाउंडांच्या रायफलीत साधारण २५ फूट-पाउंड (ऊर्जेचं माप) धक्का बसतो, तेच काडतूस पावणेसात पाउंडांच्या रायफलीत घातलं तर ३५ च्या वर जातो. ऑपरेशन झालेल्या खांद्याला ३५ म्हणजे परत डॉक्टरकडे. ७एमएम-०८ ला १४० ग्रेनची गोळी २,८०० फूट प्रति सेकंदाने सोडली तर त्याच पावणेसात पाउंडांत १६-१७ येतो. म्हणजे रायफल सव्वा किलोने हलकी आणि वर धक्काही कमी, आणि धक्क्यातला हा फरक फक्त काडतूस बदलल्यामुळे.

ज्यांना माहीत नाही त्यांना, ७एमएम-०८ म्हणजे .३०८ विंचेस्टरचीच केस, मान आवळून ७ मिमी केलेली. .३०८ आली १९५२ ला, रेमिंग्टनने ही बाजारात आणली १९८० ला. एल्कला पुरते का? कोलोरॅडोचा नियम आहे किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात), ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा. ही ३०० यार्डांवरसुद्धा दीड हजाराच्या आसपास धरून असते. आणि खरं सांगायचं तर २५० च्या पुढे मी मारतच नाही आता, मग ५०० यार्डांची ताकद खांद्यावर कशाला वागवायची.

डोनर (जिचा ॲक्शन वापरायचा ती) म्हणून जुनी रेमिंग्टन ७०० शॉर्ट (आखूड) ॲक्शन घेतली, .२४३ काडतुसाची, बॅरल पार झिजलेलं त्यामुळे स्वस्तात पडली. इथे कायद्याने रिसीव्हर (ॲक्शनचा सांगाडा) म्हणजेच बंदूक, तो डीलरकडूनच, ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊनच मिळतो. बॅरल, स्टॉक मात्र कुरियरने घरपोच येतात. शॉर्ट ॲक्शनने तीन-चार औंस वाचतात आणि बोल्ट कमी मागे ओढावा लागतो, दुखऱ्या खांद्याला हा दुसरा फायदा जास्त.

बॅरलवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. बऱ्याच जणांचा समज आहे की कार्बन गुंडाळलेलं बॅरल म्हणजे सगळ्यात हलकं. तसं नाहीये. ते त्याच जाडीच्या स्टीलच्या बॅरलपेक्षा हलकं असतं. बारीक शिकारी कंटूरचं (बाहेरच्या आकाराचं) साधं स्टील बॅरल त्याच्या बरोबरीचं किंवा कमीच भरतं, आणि पैसे निम्मे. मी स्टीलच घेतलं, २२ इंच, १:९ ट्विस्ट (आतल्या पिळाचा एक फेरा ९ इंचांत), वरून फ्लूट (लांब खाचा), २ पाउंड ३ औंस भरलं. २० इंच करून अजून वाचले असते पण मुद्दाम नाही केलं. पुढे थोडं वजन पाहिजेच. चढून आल्यावर छाती भात्यासारखी चालत असते तेव्हा तोंडाला हलकी बंदूक नुसती नाचते. कोल्हापूरला एनसीसीत .२२ ने शिकलो तेव्हा वजन म्हणजे स्थिरता हेच डोक्यात बसलेलं, रेंजवरची दहा मीटरची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते आणि पोरं मुद्दाम वजनं लावतात. पॅरिसला २०२४ मधे आपल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमधे ब्राँझ घेतलं, ती रायफल बघा, तिला डोंगरावर नेणारा कोणी सापडणार नाही. इथे सगळा खेळ हा की वजन कुठून काढायचं. मागून आणि वरून काढा, पुढून जपून.

मागून म्हणजे स्टॉक. अक्रोडाचा काढून कार्बन फायबरचा लावला, पॅडसकट २२ औंस, एका फटक्यात १४ औंस गेले. मॅगझिन ब्लाइंड ठेवलंय, खाली फ्लोअरप्लेट (उघडणारं झाकण) नाही, त्यामुळे स्टॉकला भोक कमी आणि तो जास्त ताठ राहतो. तोटा एवढाच की काडतुसं काढायची तर बोल्ट मागेपुढे करून एकेक काढावी लागतात. लेंग्थ ऑफ पुल (ट्रिगरपासून स्टॉकच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर) अर्धा इंच कमी ठेवली, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत अंगावर तीन थर असतात तेव्हा लांब स्टॉक काखेत अडकतो.

बेडिंग (ॲक्शन स्टॉकमधे इपॉक्सीने पक्का बसवणं) घरीच केलं. ॲल्युमिनियमचे पिलर, इपॉक्सी, आणि रिलीज एजंट लावताना अजिबात कंजुषी नाही, नाहीतर ॲक्शन आणि स्टॉकचं लग्न कायमचं लागतं. हलक्या रायफलीत बेडिंगचं महत्त्व जास्त कारण धक्क्याला ॲक्शन जोरात मागे येतो आणि रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर देणारा ॲक्शनचा दात) नीट टेकलेला नसला की ग्रुप (गोळ्या एकत्र लागायची जागा) फिरायला लागतो. बॅरल फ्री फ्लोट ठेवलंय, म्हणजे ते स्टॉकला कुठे टेकत नाही. यात दोन पंथ आहेत. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्सने १९८५ च्या सुमारास पाच पाउंडांच्या रायफली बनवायला सुरुवात केली, तो बॅरल पूर्ण लांबी स्टॉकला टेकवून बेड करायचा आणि त्या रायफली मारतातही सुंदर. पण त्याला स्टॉक फारच ताठ लागतो आणि मला एवढी खात्री नव्हती, म्हणून फ्लोट.

वरून म्हणजे स्कोप, आणि इथे वयाचा खरा संबंध येतो. जुना ४-१६x५० (४ ते १६ पट, ५० मिमीची काच) आणि स्टीलचे बेस-रिंग मिळून तीस औंस होते. आता ल्युपोल्डचा २.५-८x३६, टॅलीच्या हलक्या रिंग, सगळं मिळून १४. लोक म्हणतात संध्याकाळी मोठी काच पाहिजे. गणित करा की, एक्झिट प्युपिल (डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी) म्हणजे काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन. ३६ ला ६ ने भागा, ६ मिमी. साठीनंतर आपली बाहुली अंधारात साधारण ५ मिमीच उघडते, विशीतल्या पोराची ७ उघडते. म्हणजे ५० ची काच ६ वर ८ मिमीचा प्रकाश पाठवते आणि त्यातला बराचसा माझ्या बुबुळावर आपटून वाया जातो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी एक करा, आयपीसचा (डोळ्याकडच्या काचेचा) फोकस नव्याने लावून घ्या, क्रॉसहेअर एकदम काळीभोर दिसते.

ट्रिगर टिमनीचा, ३ पाउंडांवर. यापेक्षा हलका हातमोज्यात नको. मझल ब्रेक (धक्का कमी करणारा पण आवाज वाढवणारा, नळीच्या तोंडाला लावायचा भाग) लावा असं निम्मे जण सांगतायत, नाही लावणार, कानांची आधीच वाट लागलीये आणि १६ फूट-पाउंडांना ब्रेकची गरज नाही.

आता वजन, स्कोप, पट्टा, तीन काडतुसं धरून ६ पाउंड १२ औंस. म्हणजे ३ किलोच्या किंचित वर.

रेंजवर १४० ग्रेन पार्टिशन (गोळीचा प्रकार), १०० यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात. बारीक बॅरल तिसऱ्या गोळीलाच तापतं, चौथी वर सरकते, म्हणून तीन मारून थर्मासमधला चहा, बॅरल हाताला गार लागलं की पुढच्या तीन. डोंगरात तसंही पहिलीच गोळी मोजायची, तीही थंड बॅरलमधून. आणि एक, बेंचवर हलकी रायफल नुसती वाळूच्या पिशवीवर ठेवून मारू नका, ती उडते आणि गोळी वर जाते. पुढचा हात फोरएंडवर (स्टॉकच्या पुढच्या भागावर) घट्ट पाहिजे, मग बघा ग्रुप कसा आवळतो.

उरलं काय, तर २०० यार्डांवर झिरो (स्कोपचा नेम जुळवणं), बसून आणि ट्रेकिंग पोलच्या टेकूवर सराव, तो बहुतेक .२२ वरच करणार, स्वस्त पडतो आणि खांदाही वाचतो. टॅगचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला. स्टॉकला रंग द्यायचा का ते ठरत नाहीये, कार्बनचा काळा उन्हात चटके देतो म्हणतात, पण रंगाचाही औंसभर येतोच आणि तो औंस आता मला देववत नाही.