सार्पी: गावातून गेलेली सरहद्द

जॉर्जियातल्या बातुमी शहरात लोक कॅसिनो आणि समुद्रासाठी जातात. मला ती झगमग एका संध्याकाळीच नकोशी झाली. तिबिलिसी, मेस्तिया हेही फिरलो, पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते सार्पीचं.

काळ्या समुद्राच्या कडेने दक्षिणेला गेलं की जॉर्जिया संपतो तिथे हे गाव. पुढे तुर्कस्तान. चौकीला खेटून किनारा, त्यावर ढणाढणा गाणी आणि शेजारी ट्रकांची रांग. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, डोकं उठतं. बातुमीत एमबीबीएस करणारा लातूरचा एक मुलगा सोबत होता, त्याच्या ओळखीने एका लाझ आजींकडे जेवलो. लाझ म्हणजे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना राहणारे, स्वतःची भाषा असलेले लोक. मक्याची भाकरी आणि लोबिओ, म्हणजे जवळपास आपला राजमा. वाढणं थांबेचना. अशा पाहुणचाराचं मला दडपणच येतं.

"दादा, आजींचे चुलतभाऊ पलीकडे होपाला असतात," तो मुलगा म्हणाला.

हा मुलूख 1878 पर्यंत ऑटोमन सुलतानाचा. बर्लिनच्या तहाने रशियाच्या झारकडे गेला आणि बातुम (बातुमीचं तेव्हाचं नाव) नावाचा जिल्हा झाला. 1883 मध्ये तो कुताइसी प्रांतात जिरवला, 1903 मध्ये परत सुटा केला. पोटात दोन तालुके, बातुम आणि आर्तविन. 1897 च्या जनगणनेत दोन्हींची मिळून वस्ती सुमारे 1 लाख 44 हजार भरली. बातुम शहर 28 हजारांचं. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूचं रॉकेल इथेच जहाजावर चढायचं, आपल्या मुंबईपर्यंत पोचायचं. त्या जनगणनेत लोकांची मातृभाषा आणि धर्म विचारला होता. त्यामुळे अजारातला, म्हणजे बातुमच्या आसपासच्या भागातला शेतकरी भाषेच्या रकान्यात जॉर्जियन, धर्माच्या रकान्यात मुसलमान. त्याआधीच हजारो मुसलमान सुलतानाच्या राज्यात निघून गेले होते, ते मोजायला इथे नव्हतेच.

1918 मध्ये तुर्क आले, मग 1920 पर्यंत इंग्रज. 1921 मध्ये कार्सच्या तहाने वाटणी पक्की झाली. बातुम सोव्हिएत जॉर्जियाला, आर्तविन तुर्कस्तानला आणि सार्पी दोघांत अर्धं अर्धं. पुढे वाट बंद झाली ती 1988 मध्ये उघडली. मधल्या काळात कोणी वारलं की इकडच्या बायका मोठ्याने लाझमध्ये रडगाणं म्हणायच्या, त्यातूनच पलीकडच्या नातेवाइकांना कळायचं, असं आजी सांगत होत्या. सांगताना हात मात्र भाकरी थापत होते.

तुर्कस्तानचा व्हिसा नसल्याने मला पलीकडे जाता येणार नव्हतं. ते कळल्यावर आजी हसून काहीतरी बोलल्या.

"दादा, त्या म्हणतायत, आम्ही नुसत्या ओळखपत्रावर जातो."